गॅरी गायगॅक्स

खेळांचीं नांवें सर्वांस ठाऊक असतात. ते रचणाऱ्यांचीं नांवें मात्र बहुधा काळाच्या उदरांत गडप होतात. बुद्धिबळाचा पट प्रथम कोणीं मांडला, हें आज कोणासहि निश्चयानें सांगतां येणार नाहीं. परंतु ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा जो कल्पनेचा खेळ आज देशोदेशीं खेळला जातो, तो १९७४ सालीं जन्मास आल्यामुळें त्याच्या जनकांची हकीकत आपणांस उपलब्ध आहे. त्या दोघां जनकांपैकीं एक गॅरी गायगॅक्स हे होत. आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या जन्मापूर्वींच ते निवर्तले. नियम करावे, ते मोडण्याची मोकळीक द्यावी, मग तीच मोकळीक आवरूं पाहावी आणि शेवटीं पुन्हां पहिल्या नियमांकडे वळावें, असा त्यांच्या आयुष्याचा क्रम झाला. तो बोधप्रद वाटल्यावरून त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म अमेरिकेंतील शिकागो शहरीं २७ जुलै १९३८ रोजीं झाला. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून येऊन स्थायिक झालेले गृहस्थ असून व्हायोलिनवादनांत निष्णात होते. १९४६ सालीं हें कुटुंब विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या सरोवरकांठच्या लहान गांवीं राहावयास गेलें. लहानपणीं वडील गॅरींना तासन् तास गोष्टी सांगत. त्याहि पुस्तकांतल्या नव्हेत, तर सांगतां सांगतां रचलेल्या. इच्छा पुरविणारे वृद्ध, जादूच्या अंगठ्या, मंतरलेल्या तरवारी, दुष्ट मांत्रिक आणि निधड्या छातीचे वीर त्यांत असत. आपल्या कल्पनासृष्टीचा उगम वडिलांच्या या प्रेमांत आहे, अशी कृतज्ञ कबुली गॅरींनीं पुढें १९७९ च्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. शाळेंत मात्र त्यांचें चित्त रमलें नाहीं. हायस्कूलचा अभ्यासक्रम त्यांनीं अर्धवट सोडला. या एका गोष्टींत आमच्या सोबत्यांनीं त्यांचें अनुकरण करूं नये. वाचनाचा नाद मात्र त्यांनीं जन्मभर सोडला नाहीं.

संसाराचा भार शिरावर आल्यावर ते एका विमा कंपनींत नोकरीस लागले. कोणत्या विम्यांत किती जोखीम आहे, हें अजमावण्याचें तें काम होतें. फावल्या वेळांत मेजावर लहान सैनिक मांडून जुन्या लढाया खेळण्याची त्यांना हौस होती. १९६८ सालीं अशा हौशी मंडळींचा एक मेळावा त्यांनीं आपल्या गांवच्या सभागृहांत भरविला. ‘जेन कॉन’ नांवाचा तो मेळावा पुढें मोठा नांवारूपास आला. १९७० सालीं त्यांची नोकरी सुटली. तेव्हां घराच्या तळघरांत जोडे दुरुस्त करण्याचें काम त्यांनीं आरंभिलें, व त्याच्या जोडीस खेळांचे नियम लिहिणें चालू ठेविलें. १९७१ सालीं जेफ पेरेन यांच्यासह त्यांनीं मध्ययुगीन लढायांचें ‘चेनमेल’ नांवाचें नियमपुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यास ड्रॅगन, मांत्रिक इत्यादिकांची एक पुरवणी जोडली.

याच सुमारास मिनेसोटा संस्थानांत डेव्ह आर्नेसन नांवाचे तरुण या नियमांचा आधार घेऊन निराळाच प्रयोग करीत होते. त्यांच्या खेळांत प्रत्येक गड्याकडे सैन्य नसून एकच पात्र असे, आणि तें पात्र डावामागून डाव अनुभवानें वाढत जाई. १९७२ च्या अखेरीस त्यांनीं लेक जिनीव्हास येऊन हा खेळ गॅरींना दाखविला. गॅरी भारून गेले. त्यांनीं लागलीच एका काल्पनिक किल्ल्याचीं तळघरें कागदावर आंखलीं. त्यांत प्रथम उतरण्याचा मान त्यांच्या थोरल्या मुलाला व मुलीला मिळाला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. येथें पट लागत नाहीं. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मगुरु अशा भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, गडी आपण काय करणार तें बोलून सांगतात, आणि निकाल संशयित असेल तेथें फांसे टाकतात. वीस पैलूंचे ते विचित्र फांसे गॅरींना शालेय साहित्याच्या एका सूचीपत्रांत आढळले, हें वाचून आमच्या भूमितीच्या वर्गाला आनंद होईल.

ऑक्टोबर १९७३ मध्यें गॅरी व त्यांचे बालमित्र डॉन के यांनीं प्रत्येकी एक हजार डॉलर घालून एक कंपनी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्यें खेळाच्या एक हजार प्रती निघाल्या. एका खोक्यांत तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर. खोके हातांनींच भरले जात. वर्षाच्या आंत सर्व प्रती संपल्या. पुस्तिकांची भाषा दुर्बोध होती, नियमांत जागोजाग खिंडारें होतीं; पण उरलेलें ज्याचें त्यानें आपल्या कल्पनेनें भरून काढावें, लेखकांच्या तोंडाकडे पाहत बसूं नये, असें अखेरीस मोकळ्या मनानें सांगितलें होतें.

यशाबरोबर मोहहि येतो. गांवोगांवचे गडी आपापल्या परीनें खेळूं लागले, तसे वादहि वाढले. १९७७ ते १९७९ या काळांत गॅरींनीं खेळाची ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्ति तीन मोठ्या ग्रंथांत सिद्ध केली आणि सर्वत्र एकाच रीतीनें खेळ व्हावा असा आग्रह धरिला. ज्यांनीं कुंपण काढलें तेच आतां कुंपण घालूं लागले. या आवृत्तीच्या मोबदल्यांत व श्रेयांत आर्नेसन यांना वांटा मिळेना. त्यावरून १९७९ सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें व १९८१ सालीं तडजोड झाली. चरित्रनायकाचा हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं.

पुढें कंपनी वाढली, तशीच ती कर्जांतहि बुडाली. भागीदारांनीं आपले भाग विकल्यामुळें १९८५ सालीं तिची सत्ता गॅरींच्या हातून गेली. न्यायालयांत त्यांना यश आलें नाहीं, आणि १९८६ सालीं त्यांनीं ती सोडली. १९८९ ची दुसरी आवृत्ति त्यांच्यावांचूनच निघाली. अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती मंडळी खेळांतील पिशाच्चांवर रुष्ट होती, म्हणून त्या आवृत्तींतून पिशाच्चांचीं जुनीं नांवें वगळण्यांत आलीं. खेळांतील सैतान पूजण्यासाठीं नसून त्याच्याशीं झुंजण्यासाठीं असतो, हें त्या मंडळींच्या ध्यानांत आलें नसावें.

२००० सालीं नव्या मालकांनीं तिसरी आवृत्ति काढली व नियमांचा बराच भाग इतरांस वापरण्याची मुभा दिली. तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जुन्या आवृत्त्यांवर प्रेम करणाऱ्यांनीं ते लोपलेले नियम नव्या शब्दांत लिहून काढले. २००६ सालचें ‘ऑस्रिक’ हें त्यांतील एक प्रमुख पुस्तक होय. हे लोक मागें कां वळले? नव्या आवृत्तींत वाटेवरचा सांपळा शोधावयाचा तर पात्राच्या कौशल्याचा आंकडा पाहून फांसा टाकतात. १९७४ च्या पुस्तिकांत असा आंकडाच नव्हता. लांब काठीनें फरशी ठोकीत जातों, असें गड्यालाच सुचावें लागे. जुन्या नियमांत एका सुवर्णनाण्यास एक अनुभवगुण मिळे. शिवाय नवखें पात्र एका घावांत मरे. म्हणून शहाणा गडी लढाई टाळून युक्तीनें संपत्ति आणी. नव्या आवृत्त्या अधिक सुबोध आहेत, नवशिक्यास सोयीच्या आहेत, हें आम्हांस मान्य आहे. जुन्यांत दोषहि होते. १९७८ च्या ग्रंथांत तर स्त्री-पात्रांच्या बळावर मर्यादा घातली होती. ते दोष कोणी पुन्हां उचलावे असें नाहीं. पण जेथें नियम थांबत, तेथें गड्याची बुद्धि चालूं लागे, हा जुन्या खेळाचा गुण खरा.

आणि नवल हें कीं, उतारवयांत स्वतः गॅरीहि तेथेंच परतले. एके काळीं ज्या मोठ्या ग्रंथांचा त्यांनीं आग्रह धरिला, ते बाजूस ठेवून ते पुष्कळदां त्या पहिल्या तीन पुस्तिकांवरच खेळ मांडीत. २००४ सालीं पक्षाघाताचे झटके येऊन प्रकृति खालावली, तरी जानेवारी २००८ पर्यंत त्यांच्या घरीं दर आठवड्यास डाव रंगत असे. ४ मार्च २००८ रोजीं लेक जिनीव्हा येथें वयाच्या ६९ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. अंत्यविधीस जमलेले स्नेही त्यांच्या स्मरणार्थ खेळावयास बसले, आणि त्यांतूनच तेथें दर वर्षीं भरणारा एक मेळावा सुरू झाला. पुढें २०१२ व २०१३ सालीं मालक कंपनीनें त्यांचे जुने ग्रंथ व त्या पहिल्या पुस्तिका पुन्हां छापल्या.

गॅरींच्या हातून कंपनी गेली, सत्ता गेली, मैत्रींतहि कटुता आली. पण ज्या तीन पुस्तिकांत त्यांनीं इतरांच्या कल्पनेसाठीं जागा मोकळी सोडली होती, त्या टिकल्या. आमच्यापैकीं पुष्कळ जण पुढें कोठें ना कोठें नियम करणारे होतील. कोणी वर्गांत, कोणी घरांत, कोणी कचेरींत. त्या वेळीं दुसऱ्याच्या बुद्धीस थोडी जागा राखून ठेवावी, एवढें जरी या चरित्रांतून आम्हीं घेतलें, तरी पुष्कळ झालें.