दाबाचे उपासक : पर्सी ब्रिजमन

पाण्याचा बर्फ थंडीनेच होतो, अशी आपली समजूत असते. परंतु उकळत्या पाण्याहून उष्ण असा बर्फ केवळ दाबाच्या बळावर १९३७ साली सिद्ध करणारे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव पर्सी विल्यम्स ब्रिजमन.

त्यांचा जन्म अमेरिकेतील केंब्रिज या गावी २१ एप्रिल १८८२ रोजी झाला. वडील वृत्तपत्रव्यवसायात होते. १९०० साली ते हार्वर्ड विद्यापीठात शिरले आणि त्यांचे सारे संशोधन तेथेच झाले.

आमच्या बेळगावात तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रसामग्री घडविली जाते. जोडातून तेल झिरपू लागले की कारागीर कसा मेटाकुटीस येतो, हे तेथील मुलांना सांगावयास नको. ब्रिजमन यांच्यापुढेही हीच अडचण होती. त्यांनी जोडाची घडणच अशी बदलली की, आतला दाब जसजसा वाढे तसतसे जोडातील बूच आपोआप अधिक आवळले जाई. पूर्वी सुमारे ३,००० वातावरणांपाशी अडलेले काम पुढे १,००,००० च्या पलीकडे गेले. यंत्रशाळेत ते स्वतः राबत; सभासमित्यांची मात्र त्यांना मनस्वी नावड!

१९१४ साली पांढऱ्या फॉस्फरसाचा तांबडा करावा म्हणून त्यांनी तो दाबाखाली तापविला, तो हाती आला काळा, ग्रॅफाइटासारखा थरथरांचा फॉस्फरस. ग्रॅफाइटाचा हिरा करण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र कधीच साधला नाही; ते यश १९५४ साली इतरांस लाभले. १९४६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २० ऑगस्ट १९६१ रोजी ते निवर्तले.

आज संशोधक दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थ चिरडून पाहतात. त्यांत थरदार फेरोइलेक्ट्रिक पदार्थही असतात. नावात लोखंड असले तरी या वर्गाचा लोखंडाशी संबंध नाही. यांतील विद्युत्भार किंचित एका बाजूस सरकून राहतात, आणि बाहेरून विद्युत्क्षेत्र लावून ती बाजू उलटविता येते. थरांच्या आतील बंध बळकट, थराथरांमधील सैल. म्हणून दाब देताच प्रथम मधली फट आवळते. तांबे, इंडियम, फॉस्फरस व गंधक यांच्या अशा एका संयुगात सुमारे ४०,००० वातावरणांपाशी थरांची तिरकस रचणी मोडून अधिक सममित रचणी होते. फट आवळली की भारांची सरकण्याची जागा बदलते, आणि त्याबरोबर पदार्थाचा विद्युत्स्वभावही.

ब्रिजमन यांचे प्रायोगिक निबंध १९६४ साली सात खंडांत प्रसिद्ध झाले.