अंगणात उतरलेली शाळा : ताराबाई मोडक

बऱ्हाणपूरच्या कोणत्याही मोहल्ल्यातून चालू लागावे, एखाद्या बसक्या खोलीच्या दारावर ‘आंगनवाड़ी केंद्र’ अशी पाटी हटकून दृष्टीस पडते. शब्द हिंदी लिपिवळणाचा दिसतो, पण मुळात तो मराठी आहे. वाटेत ‘ण’चा ‘न’ झाला, एवढाच काय तो फेर. तापीकाठी तो सरकारी योजनेबरोबर आला. त्याचा जन्म मात्र अरबी समुद्राच्या काठी, डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी, ज्यांना इतरांच्या ओसरीवर प्रवेश नव्हता अशा माणसांच्या दारापुढील अंगणात झाला. त्या अंगणात मुले गोळा करणाऱ्या बाईंचे नाव ताराबाई मोडक. मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नाही. परंतु ते बहुधा शाळकरी पुस्तकातल्या एका धड्यापुरते ठाऊक असते. त्या धड्यात न मावलेली गोष्ट अशी, की या बाईंनी युरोपातून आलेली एक शास्त्रशुद्ध आणि महागडी पद्धती आधी जीव लावून आत्मसात केली आणि मग ती गरिबाच्या मुलाच्या हाती पडावी म्हणून तिची मोडतोड करण्याचे धाडस केले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजी. त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. त्या काळी अमरावती आणि आपले निमाड ही दोन्ही मध्य प्रांत-वऱ्हाड या एकाच कारभाराखाली होती. म्हणजे संसाराची ती वर्षे ताराबाईंनी आपल्याच प्रांतात काढली. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती. पदवी होती, पण पदवीधर स्त्रीने एकटीने उभे राहावे अशी समाजाची तयारी नव्हती. त्यांनी राजकोट गाठले आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, वेतनही बरे होते. अशी जागा सोडून कोणी बालवाडीत जाईल, असे कोणाच्या मनात आले नसते.

ताराबाई गेल्या. काठेवाडातच, भावनगरला, नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या वकिलाने १९२० पासून एक बालमंदिर चालविले होते. गिजुभाईंना स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता त्यांनी वकिली सोडली. ताराबाईंपुढेही आपल्या मुलीचा प्रश्न उभा होता. १९२३ मध्ये त्या प्राचार्यपद सोडून भावनगरला दाखल झाल्या. आपल्या देशातील बालशिक्षणाच्या इतिहासातील एक मोठे पान असे दोन पालकांच्या घरगुती काळजीतून लिहिले गेले.

त्या बालमंदिरात मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीची पद्धती चाले. वैद्यकाची पदवी घेतलेल्या या बाईंनी मतिमंद मुलांवर काम करताना एक गोष्ट हेरली होती, की मुलाची बुद्धी त्याच्या हाताच्या वाटेने वाढते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. पुढे युरोप-अमेरिकेत ही पद्धती सुखवस्तू घरांची झाली, पण तिचा उगम मजुरांच्या मुलांत झाला, हे ध्यानात ठेवले म्हणजे ताराबाईंनी पुढे जे केले ते मूळ वाटेपासून फार दूरचे वाटत नाही.

या पद्धतीत हाताला शिकविण्याचे जे शास्त्र आहे, ते नीट पाहण्यासारखे आहे. वरवर पाहणाऱ्याला ती खेळणी वाटतात. लाकडाच्या एका लांबट ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्ट्ये. प्रत्येक दट्ट्याला माथ्यावर एक लहानशी मूठ, जी फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांनीच धरता येते. तीन वर्षांचे मूल ते दट्ट्ये काढते, मिसळते, पुन्हा ज्याचे त्याच्या जागी बसविते. त्याला वाटते आपण जाड-बारीक ओळखतो आहोत. प्रत्यक्षात ज्या तीन बोटांनी पुढे लेखणी धरायची, ती तीन बोटे रोज शेकडो वेळा त्या मापाच्या मुठीवर मिटत आणि उघडत असतात. चूक झाली तर शेवटचा दट्ट्या कोणत्याच भोकात बसत नाही. बाईंना ओरडावे लागत नाही, लाकूडच सांगते. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा गुलाबी मनोराही असाच. त्यातला शेवटचा इवलासा घन माथ्यावर ठेवताना मूल श्वास रोखते, आणि त्या क्षणी खांदा, मनगट व बोटे एका हुकमतीखाली येतात. लाकडी चौकटींवर ताणून बसविलेल्या कापडांना बटणे, नाड्या, आकडे लावलेले असतात. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात आधी धान्य, मग पाणी ओतायचे असते. रुमालाची घडी काठाला काठ जुळवून घालायची असते. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवायची, धातूच्या आकृतींच्या कडेने पेन्सिल फिरवायची, आणि मग कधीतरी लिहायचे. लिहिण्याआधी हात लिहिता झालेला असतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती एकदम पेन्सिल देऊन ओळीत ‘अ’ काढायला लावणाऱ्या शाळा आजही गल्लोगल्ली आहेत. तेथे अक्षर वाकडे आले म्हणून मुलाला बोल लागतो. हाताची तयारी झाली होती काय, हे कोणी विचारीत नाही.

भावनगरची नऊ वर्षे ताराबाईंच्या शिकण्याची आणि शिकविण्याचीही वर्षे होती. गुजराती त्यांनी आपलीशी केली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, तीत त्या गिजुभाईंच्या बरोबरीने होत्या. गुजराती ‘शिक्षण पत्रिका’ त्यांनी गिजुभाईंसमवेत चालविली आणि १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती स्वतः संपादित केली. गिजुभाईंचे लेखन हिंदीत नेण्याचे काम पुढे काशिनाथ त्रिवेदी यांनी केले. त्यामुळे ही चळवळ मराठी आणि गुजरातीपुरती न राहता आपल्या हिंदी प्रदेशातही पोहोचली. नियतकालिकांनी घडविलेल्या चळवळींत या पत्रिकेचा उल्लेख सहसा होत नाही, व्हायला हवा.

१९३२ मध्ये भावनगर सोडून त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार काढला. शाळा नावारूपाला आली; बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिरही तेथे चालले. येथे थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. परंतु एक शल्य होते. दट्ट्यांच्या पेट्या, मनोरे, धातूच्या आकृती हे सारे साहित्य महाग होते आणि ते मापात तसूभरही चुकून चालत नसे. म्हणजे ज्याच्या घरी चार पैसे आहेत त्याच्याच मुलाचा हात शहाणा होणार. ही शंका एकट्या ताराबाईंची नव्हती. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला गेले असता माँटेसरीबाईंची व त्यांची भेट झाली, तेव्हाही हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलांचा विषय निघालाच होता. १९३९ च्या अखेरीस माँटेसरीबाई स्वतः मद्रासला आल्या, आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. अड्यारला त्यांनी शेकडो शिक्षकांना शिकविले. पद्धतीची शुद्धता जपण्याबाबत त्यांचा कटाक्ष मोठा होता. तो अनाठायी होता असे म्हणता येणार नाही, कारण अर्धवट अनुकरणाने चांगल्या पद्धतींची काय दशा होते, हे शिक्षणक्षेत्रातील कोणीही सांगू शकेल. पण शुद्धता राखायची, तर खेडे वगळावे लागते. ताराबाईंनी खेडे निवडले.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. या दोघींनी मिळून पुढची अठ्ठावीस वर्षे परक्यांच्या मुलांत काढली.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण हरिजन वस्तीतली मुले तिच्यात येईनात. गावाचा धाक होता आणि घरच्यांना शाळेचे अप्रूपही नव्हते. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि मग शिक्षण. येथे इटलीचे लाकूड नव्हते. पण समुद्रकाठी शिंपल्यांना तोटा नव्हता; आकाराप्रमाणे त्यांच्या रांगा लावता येत होत्या. बिया होत्या, खडे होते, पाने-फुले होती, माती होती. चिमटीत बी धरून अरुंद तोंडाच्या भांड्यात टाकताना तीच तीन बोटे मिटतात, जी दट्ट्याच्या मुठीवर मिटत. फुले ओवताना एक हात धरतो आणि दुसरा टोचतो, म्हणजे दोन्ही हात एका कामात वाटून घेतात. माती मळताना तळवा भरून येतो. चौकटीवरचे बटण आणि अंगातल्या सदऱ्याचे बटण यांत हाताला काही भेद नसतो. भेद एवढाच, की या मुलांपैकी पुष्कळांच्या अंगात सदराच नसे.

या बदलात हानी काहीच झाली नाही, असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. लाकडी दट्ट्या आपली चूक आपण सांगतो. शिंपला सांगत नाही. शिंपल्यांची रांग चुकली तर ते पाहायला जाणते माणूस लागते, आणि पाहूनही मुलाला स्वतः उमगेपर्यंत गप्प बसायला तर फारच जाणते माणूस लागते. साहित्यातून जेवढा खर्च कमी झाला, तेवढा भार शिक्षिकेवर आला. ताराबाईंना हे पुरते ठाऊक असले पाहिजे. नाहीतर बालवाडीइतकाच जीव त्यांनी सेविकांच्या प्रशिक्षणात ओतला नसता. पुढे सरकारने त्यांची अंगणवाडी घेतली, पण हा भाग पुरेशा गांभीर्याने घेतला नाही.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. येथे अडचण निराळी होती. मुले गुरे राखायला जात आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत. म्हणून गुरांमागे शिक्षिका कुरणात जाऊ लागल्या, ती कुरणशाळा झाली. आणि कडेवरच्या भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका आवारात आणली, ती विकासवाडी. वारल्यांच्या घरी भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रे काढणाऱ्या बायका होत्या. त्या मुलांच्या हातांत कसब नव्हते असे कोण म्हणेल?

बऱ्हाणपूरकरांना तर हे विशेष समजावे. हे गाव शतकानुशतके बोटांच्या कसबावर जगले. सोन्या-चांदीची तार ओढणारे, कलाबतू करणारे, मागावर बसणारे हात येथल्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या घडले. परंतु पोटासाठी घडलेला हात एकाच कामात तरबेज होतो आणि तेथेच अडकतो. ताराबाईंना हवा होता तो कोणत्याही कामाकडे वळू शकणारा हात. तो वयाच्या तिसऱ्या वर्षी, मजुरीच्या आधी, खेळातूनच घडतो.

मान-सन्मान आले. १९४६ नंतर काही काळ त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. माँटेसरीबाईंचा जन्म ३१ ऑगस्टचा, १८७० सालचा. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, पण तिथी लक्षात राहते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी. योजनेने पोषक आहार दिला, लसी दिल्या, वजनकाटे दिले. भुकेल्या मुलाला आधी घास हवा, यात वाद नाही. आंघोळ घातल्यावाचून धडा न देणाऱ्या ताराबाईंनीही तो घातला नसता. मात्र शिंपले आणि बिया मागे पडल्या. ताराबाईंच्या पश्चात कोसबाडला अनुताई होत्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्या टेकडीवर मुलांचे हात मातीत आणि फुलांत चालतच राहिले.