झालरीच्या पंखांचे बारसे

दिवाळीच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला आत्याकडे गेलो होतो. सिटी सेंटर भागात दुसऱ्या मजल्यावर तिचे घर आहे आणि गच्चीवर मिरचीच्या चार कुंड्या आहेत. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी घरी आला म्हटल्यावर आत्याने चहाच्या आधीच मला त्या कुंड्यांपुढे उभे केले. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली होती. एक कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला, तर तीन-चार पिवळट रेघा कागदावर पळू लागल्या. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. फुलकिडे!

या किड्यांशी आमच्या घराचे जुने नाते आहे. आमचे गाव संकेश्वरच्या बाजूला. मिरचीवर वर्षाचा संसार. एका वर्षी मिरचीवर बोकड्या पडला. वडिलांनी कुणीतरी सुचवलेले फुलकिड्यांवरचे औषध तीनदा फवारले, पण गुण आला नाही. त्या वर्षी पाने खाली वळली होती, हे मला आजही स्पष्ट आठवते. फुलकिड्यांनी पाने वर वळतात, कोळी कीड पडली तर खाली, हे मात्र मला कॉलेजात आल्यावर कळले. पीक गेले, उधारी राहिली. तेव्हापासून इतके बारीक जीव एकमेकांपासून वेगळे ओळखून त्यांना नावे देणारी माणसे कोण असतील, याचे मला कुतूहल वाटू लागले. त्या शोधात मला अलेक्झांडर हेन्री हॅलिडे भेटले. कीटकशास्त्रात हे नाव सर्वांना माहीत आहे, आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते क्वचितच दिसते.

हॅलिडे यांचा जन्म १८०६ सालचा, उत्तर आयर्लंडमधला. घर खाऊनपिऊन सुखी. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. रॉबर्ट टेंपलटन हा त्यांचा लहानपणचा मित्र. तो पुढे लष्करी डॉक्टर होऊन सिलोनला गेला आणि तिथेही त्याने किडेच गोळा केले. दोघांना एकच वेड, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी संग्राहकांचा ओढा फुलपाखरांकडे आणि चकचकीत भुंगेऱ्यांकडे असे. हॅलिडे यांनी वळून पाहिले ते माश्या, बारीक गांधीलमाश्या आणि फुलकिडे यांच्याकडे. फुलकिडा तोपर्यंत पोरकाच होता. १७४४ मध्ये स्वीडनच्या डी गीरने त्याचे वर्णन केले. पायांच्या टोकांना फुगे असतात म्हणून त्याने नावही त्या अर्थाचे दिले. १७५८ मध्ये लिनिअसने त्याला थ्रिप्स म्हटले आणि ढेकणांच्या गणात टाकून दिले. ग्रीकमध्ये थ्रिप्स म्हणजे लाकूड पोखरणारा किडा! फुलावरच्या किड्याला हे नाव कसे शोभले कोण जाणे, पण चिकटले ते चिकटलेच.

१८३६ मध्ये इंग्लंडच्या एका कीटकशास्त्रीय मासिकात हॅलिडे यांचा तेराएक पानांचा लेख आला. या किड्यांना त्यांनी ढेकणांतून बाहेर काढून स्वतंत्र गण दिला, थायसॅनॉप्टेरा, म्हणजे झालरीचे पंख असलेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की नाव किती नेमके आहे ते कळते. पंख म्हणजे एक बारीक पट्टी, आणि तिच्या दोन्ही कडांना लांब केसांची झालर. इतक्या लहान जिवाला हवा पाण्यासारखी दाट लागते, म्हणून झालरीनेही उडता येते. गणाचे त्यांनी दोन भाग केले. एकात मादीच्या शेपटाशी करवतीसारखा अवयव असतो. त्याने ती पान चिरून आत अंडी घालते. दुसऱ्यात पोटाचा शेवटचा भाग नळीसारखा असतो. आज सहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत, तरी ही विभागणी टिकून आहे.

गव्हासारख्या धान्यांवर जगणाऱ्या लिमोथ्रिप्स सेरियालियमचे पहिले वर्णनही त्याच लेखात आहे. सुगीच्या दिवसांत युरोपात यांचे थवे उठतात आणि तसबिरींच्या काचेमागेसुद्धा शिरून बसतात.

पण याच लेखात एक चूकही आहे, आणि मला हॅलिडे जवळचे वाटतात ते त्या चुकीमुळे. काचगृहातल्या झाडांवर आढळणाऱ्या एका काळपट फुलकिड्याला त्यांनी हेलिओथ्रिप्स हे नवे कुल दिले आणि जातीलाही नवे नाव दिले. ती जात तीनच वर्षांपूर्वी, १८३३ मध्ये, जर्मनीत बूशे यांनी वर्णन करून ठेवली होती. नियमाप्रमाणे आधीचे नाव राहिले, हॅलिडे यांचे जातीनाम बाद झाले. कुल मात्र त्यांचेच चालू आहे. एकाच जिवाची दोन-दोन नावे शोधून निस्तरणे हे तर त्यांचे स्वतःचे मोठे काम मानले जाते! अशा माणसाचीही गफलत झाली, तर आमच्या वडिलांना काय बोल लावायचा?

आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी बराचसा इटलीतल्या लुका गावी काढला. इटलीची कीटकशास्त्रीय संस्था १८६९ मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. दुसऱ्याच वर्षी, १८७० मध्ये, लुका येथेच ते वारले. त्यांचा संग्रह डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मिरचीचा फुलकिडा त्यांच्या वाट्याला आला नाही. दक्षिण भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून अमेरिकेच्या हूड यांनी १९१९ मध्ये त्याचे सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस असे बारसे केले. २०२१ मध्ये आंध्र, तेलंगणा आणि आपल्या कर्नाटकात मिरचीची फुले गळू लागली, तेव्हा बहुतेकांना तोच जुना शत्रू वाटला. निघाला वेगळाच, थ्रिप्स पार्व्हिस्पायनस. आपल्याकडे त्याची पहिली नोंद २०१५ मध्ये बंगळूरच्या पपईवर झाली होती. वर्णन मात्र कार्नी या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९२२ मध्येच करून ठेवले होते, म्हणून तर तो ओळखता आला.

आत्याच्या गच्चीवरचे किडे मी स्पिरिटच्या बाटलीतून परत आणले. सरांच्या देखरेखीखाली कॉस्टिकमध्ये रात्रभर ठेवून ते काचपट्टीवर बसवले. पहिल्या दोघांच्या मिशा माझ्या हातून तुटल्या. तिसरा नीट बसला. पोटावर गडद आडव्या रेघा होत्या, पंखाच्या मागच्या कडेची झालर सरळ होती, नागमोडी नव्हती. हूड यांचीच जात. आत्याला फोनवर नाव सांगितले, तर तिने ते दोनदा म्हणवून घेतले आणि कुंड्यांचे काय करायचे ते विचारले. वळलेले शेंडे खुडून टाक आणि पानांवर पाणी मार, असे मी सांगितले.