सी भाषेचे जनक डेनिस रिची

संगणकाच्या वर्गांत पुष्कळदां असें घडतें कीं, काल निमूटपणें चालणारा सी भाषेंतील जुना प्रोग्राम नवा कंपायलर बसवितांच अडून बसतो व पडद्यावर चुकांची लांबलचक यादी उमटते. आपण कंपायलरला दोष देतों. परंतु तो दोष मूळ कोठला, हें ह्या भाषेच्या जनकाच्या चरित्रावरून कळून येतें.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांतील ब्राँक्सव्हिल येथें झाला. त्यांचे वडील बेल प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञान व उपयोजित गणित यांचें अध्ययन करून १९६७ सालीं रिचीही त्याच प्रयोगशाळेंत दाखल झाले. तेथें त्यांचे सहकारी केन टॉम्प्सन यांनीं १९६९ सालीं एका लहानशा संगणकावर युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला व पुढें तिच्यासाठीं बी नांवाची भाषा केली. त्या भाषेंत अक्षर, पूर्णांक असे प्रकार नव्हतेच. स्मृतींतील ठराविक मापाचें एक घर, एवढेंच तिला ठाऊक. नंतर पीडीपी-११ हें यंत्र आलें. त्यांत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र पत्ता होता. म्हणून प्रकारांचा भेद करणें प्राप्त झालें. तेव्हां बी भाषेंत सुधारणा करीत रिची यांनीं सी भाषा घडविली, आणि १९७३ सालीं युनिक्सचा गाभा तींत नव्यानें लिहिला गेला.

तथापि बी भाषेची एक सवय मागें राहिली. प्रकार लिहिला नसेल तर तो पूर्णांकच, असें कंपायलर गृहीत धरी. अपरिचित फंक्शनविषयींही तसेंच. पीडीपी-११ वर पूर्णांक व स्मृतीचा पत्ता हे दोन्ही १६ बिटांचे असल्यामुळें ही ढिलाई खपून जाई. आजच्या यंत्रांत मात्र पत्ता बहुधा ६४ बिटांचा व पूर्णांक ३२ बिटांचा असतो. अशा वेळीं अर्धा पत्ता गळून जातो आणि प्रोग्राम अवचित कोसळतो.

रिची व ब्रायन कर्निघन यांचा १९७८ सालचा ग्रंथ कित्येक वर्षें ह्या भाषेचा प्रमाणग्रंथ होता. १९८३ सालीं रिची व टॉम्प्सन यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. एवढा मान मिळाला तरी त्यांनीं आपल्या कृतीचा हट्ट धरला नाहीं. फंक्शनचे प्रकार आधींच जाहीर करण्याची नवी रीत १९८८ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत आली, व १९८९ सालीं ती प्रमाणभाषेंत रूढ झाली. मात्र प्रमाण ठरविणाऱ्या समितीची एक सूचना घातक वाटतांच त्यांनीं तिला निक्षून विरोध केला, आणि ती वगळण्यांत आली. १९९३ सालीं भाषेचा इतिहास लिहितांना त्यांनीं तिचीं व्यंगेंही मोकळेपणानें मांडलीं.

१९९९ च्या प्रमाणानें ती जुनी सवलत काढून टाकली. तरीही जीसीसी हा कंपायलर अनेक वर्षें केवळ इशारा देत असे. २०२४ सालच्या त्याच्या चौदाव्या आवृत्तीनें तीच गोष्ट चूक ठरविली. अशा वेळीं इशारे बंद करून वेळ मारून नेणें सोपें असतें. खरा उपाय म्हणजे पहिली चूक आधीं वाचावी, योग्य हेडर फाईल जोडावी, प्रकार स्पष्ट लिहावा व मग पुढच्या चुकीकडे वळावें.

ऑक्टोबर २०११ मध्यें रिची यांचें देहावसान झालें. मित्रहो, ज्यानें भाषा निर्माण केली त्यानें तिच्यांतील दुरुस्ती आनंदानें मान्य केली. मग आपल्या वहींतील चूक दाखविणाऱ्यावर आपण कां रुसावें?