जोसेफ बॅझलजेट

सर जोसेफ विल्यम बॅझलजेट (२८ मार्च, १८१९ - १५ मार्च, १८९१) हे इंग्लंडमधील स्थापत्य अभियंता होते. लंडन शहराची भूमिगत मलनिस्सारण व्यवस्था त्यांनी उभारली. या व्यवस्थेमुळे थेम्स नदीत शहराच्या मध्यभागी मैला सोडणे थांबले आणि कॉलऱ्याच्या साथींना आळा बसला. त्यांनी बांधलेली बरीचशी गटारे आजही वापरात आहेत.

सुरुवातीचे जीवन

बॅझलजेट यांचा जन्म लंडनच्या उत्तरेकडील एनफिल्ड येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते, तर आजोबा फ्रान्समधून इंग्लंडमध्ये स्थायिक झाले होते. सर जॉन मॅकनील यांच्या हाताखाली उमेदवारी करताना त्यांनी आयर्लंडमध्ये जमिनीच्या निचऱ्याची कामे केली. १८४२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. रेल्वेबांधणीच्या धामधुमीत अतिश्रमामुळे १८४७ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. १८४९ मध्ये ते लंडनच्या मलनिस्सारण आयोगात रुजू झाले आणि १८५६ मध्ये मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचे मुख्य अभियंता झाले.

पार्श्वभूमी

त्या काळी लंडनमधील घरांचा मैला जुन्या गटारांतून थेट थेम्समध्ये जात असे आणि अनेक वस्त्यांना पिण्याचे पाणीही याच नदीतून मिळे. १८४८-४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत शहरात १४ हजारांहून अधिक माणसे दगावली. १८५३-५४ मध्ये पुन्हा १० हजारांहून अधिक बळी गेले. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, असे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले होते. तथापि बहुतेक तज्ज्ञांचा विश्वास दुर्गंधीने रोग होतो यावरच होता. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी इतकी वाढली, की तिच्या काठावरील संसदेचे कामकाज चालवणे कठीण झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा होऊन बॅझलजेट यांच्या योजनेचा मार्ग मोकळा झाला.

मलनिस्सारण योजना

नदीला समांतर अशा सुमारे १३२ किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या बांधून जुन्या गटारांतील मैला वाटेतच अडवायचा आणि तो शहराच्या पूर्वेस नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडायचा, असे योजनेचे स्वरूप होते. वाहिन्यांना पूर्वेकडे उतार दिल्यामुळे मैला बहुतांशी गुरुत्वाकर्षणाने वाहत असे. सखल भागातील मैला क्रॉसनेस (१८६५) व ॲबी मिल्स (१८६८) येथील वाफेच्या पंपांनी वर उचलला जाई. अनेक गटारांचा छेद अंडाकृती ठेवला होता. तळ अरुंद असल्याने प्रवाह कमी असतानाही त्याचा वेग टिकून राहतो व गाळ साचत नाही. बांधकामात सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या. पाण्यात घट्ट होणारे पोर्टलंड सिमेंट मोठ्या प्रमाणावर वापरून त्याच्या दर्जाची काटेकोर तपासणी करण्यात आली. १८७५ पर्यंत मुख्य काम पूर्ण झाले.

१८६६ च्या कॉलऱ्याचा तडाखा प्रामुख्याने पूर्व लंडनला बसला. नवी व्यवस्था तेथे अद्याप पूर्ण झालेली नव्हती. योजनेमागील रोगाविषयीची समजूत चुकीची असली, तरी तिचा परिणाम योग्य ठरला. मात्र मैला प्रक्रियेविना सोडला जात असल्याने प्रदूषण नदीच्या खालच्या भागाकडे सरकले. १८७८ मध्ये प्रिन्सेस ॲलिस ही प्रवासी बोट त्याच परिसरात बुडून ६०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे मैल्यातील गाळ वेगळा करून १८८७ पासून तो जहाजांनी समुद्रात नेण्यात येऊ लागला.

अन्य कार्य

व्हिक्टोरिया, अल्बर्ट व चेल्सी हे थेम्सचे बांधीव तट, तसेच पटनी, हॅमरस्मिथ व बॅटरसी येथील पूल त्यांनी उभारले. त्यांना नाइट हा किताब मिळाला. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८९१ मध्ये विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

व्हिक्टोरिया तटावर त्यांचे स्मारक आहे. पाण्याबरोबर वाहून जाणारा मैला गृहीत धरून बांधलेल्या या गटारांपुढे आज वेगळीच अडचण आहे. उपाहारगृहे व घरांतून ओतलेले तेल आणि चरबी थंड होऊन गटारात थिजते, पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखी कठीण होते आणि ओल्या पुसण्यांसह तिचे प्रचंड गोळे बनतात. २०१७ मध्ये व्हाइटचॅपल येथील व्हिक्टोरियाकालीन गटारात सुमारे २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा असा गोळा सापडला; तो काढण्यास कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात प्रदर्शित करण्यात आला. असा अडथळा टाळण्यासाठी उपाहारगृहांच्या मोऱ्यांना चरबी अडवणारी पेटी बसवली जाते. तीत पाणी संथ होताच हलकी चरबी वर तरंगते व खालचे पाणी पुढे जाते; परंतु साचलेली चरबी नियमित काढली नाही, तर पेटी निरुपयोगी ठरते.