बाहेरची लाइन

सातारा किंवा सांगलीच्या एखाद्या कारखान्याच्या कार्यालयातील टेलिफोन पाहा. आतल्या विभागाशी बोलायला दोन-तीन अंक पुरतात. बाहेर बोलायचे असेल, तर बहुधा आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागतो. वीस टेबलांना बाहेरच्या लाइनी तीन-चारच असतात. त्यांतील मोकळी लाइन यंत्र शोधते व जोडून देते. माणसाऐवजी यंत्राने लाइन जोडण्याची ही वाट ऑल्मन स्ट्रोजर यांनी दाखवली.

स्ट्रोजर यांचा जन्म १८३९ साली अमेरिकेत झाला. ते काही काळ खेड्यात शिक्षक होते, असे म्हणतात. पुढे कॅन्सस सिटी या शहरात ते अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करू लागले. आपल्याकडे कफन-दफनाचे काम नातेवाईक आणि शेजारी मिळून करतात. तिकडे तो रीतसर व्यवसाय आहे.

त्या काळी टेलिफोन केंद्रातील कर्मचारी हाताने तारा जोडून देत. गोष्ट अशी सांगतात, की दुसऱ्या एका व्यावसायिकाची पत्नी तेथे कामाला होती आणि स्ट्रोजर यांच्यासाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवी. तपशील वेगवेगळे सांगितले जातात. पण एक फोन चुकला, की एक गिऱ्हाईक गेले, हे तर खरेच! स्ट्रोजर यांनी मधला माणूसच काढून टाकायचे ठरवले.

त्यांच्या कल्पनेतून जो स्विच पुढे तयार झाला, त्यात धातूची एक पट्टी आधी वर चढे, मग आडवी फिरे. वर दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दहा जागा. म्हणजे शंभर टेलिफोनांपैकी हवा तो गाठता येई. १८९१ साली त्यांना पेटंट मिळाले. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी ला पोर्ट या गावी असे पहिले केंद्र सुरू झाले. अंकांची तबकडी त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर बनवली.

स्ट्रोजर यांनी १८९६ मध्ये आपली पेटंटे अवघ्या १,८०० डॉलरांना विकली. १९०२ साली ते वारले. खरी कमाई इतरांनी केली.

भारतात बंगलोरच्या सरकारी कारखान्यात १९४८ नंतर स्ट्रोजर पद्धतीची केंद्रे बनू लागली. तरी परगावचा फोन माणूसच जोडून देई. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला मुंबईचा भाव विचारायचा, तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसावे लागे. १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांमध्ये थेट फोन लागू लागला. ती सोय पुढे आपल्या जिल्ह्यांतही आली. मग व्यापारी स्वतःच मुंबईचा क्रमांक फिरवू लागला आणि भाव थेट त्याच्याच कानी पडू लागला.