आजारी पक्ष्यांचा हिशेब मांडणारा बिल

अंगात ताप असताना कधी जिमला गेलायत? नाही ना जमत! सगळी ताकद आतल्या लढाईतच खर्च होते. रानातल्या नर पक्ष्याचंही तसंच होतं. फक्त त्याला सिक लीव्ह नसते. विणीचा हंगाम त्याचा ताप उतरायची वाट बघत नाही.

आजारपण आणि नराचा रुबाब यांचं नातं जगासमोर मांडणाऱ्यांपैकी एक होता ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम डोनाल्ड हॅमिल्टन. मित्रांसाठी नुसता बिल.

जन्म १९३६चा, कैरोमधला. बालपण इंग्लंडमधल्या केंटमध्ये, किडे-फुलपाखरांमागे धावण्यात गेलं. बाराव्या वर्षी वडिलांच्या स्फोटकांशी खेळताना त्याच्या बोटांची टोकं उडाली. पुढे पीएचडी करताना तो इतका एकटा पडला, की आसपास माणसं असावीत म्हणून लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर बाकावर बसून काम करायचा. त्यातूनच १९६४मध्ये त्याने एक गणित मांडलं : प्राणी नातलगांसाठी त्याग का करतात? उत्क्रांतीशास्त्राला नवी दिशा मिळाली.

पक्षी आले १९८२मध्ये. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मार्लीन झुक या विद्यार्थिनीसोबत त्याने पक्ष्यांच्या रक्तातल्या परजीवींची माहिती तपासली. ज्या जातींत परजीवी जास्त, त्यांतले नर जास्त भडक, असा कल दिसला. दोघांचा तर्क असा : चमकदार पिसं म्हणजे नराचा मेडिकल रिपोर्टच. रोगाशी लढूनही ज्याच्यात दम उरतो, तोच ती मिरवू शकतो. मादी ते बघून निवड करते, म्हणजे पिल्लांनाही ती प्रतिकारशक्ती मिळते.

इतर संशोधकांनी हा विचार थेट प्रजननक्षमतेपर्यंत नेला. रोगाशी लढताना शरीरातली ऊर्जा आणि अँटिऑक्सिडंट्स तिकडे वळतात. नाजूक शुक्राणूंना जपायलाही तीच लागतात. पाकीट एक, खर्च दोन! मग शुक्राणूंचा दर्जा घसरू शकतो. सगळ्याच जातींत निष्कर्ष सारखे आले नाहीत, पण प्रश्न विचारायची वाट खुली झाली.

आयुष्यभर परजीवींचा विचार करणारा बिल २०००च्या सुरुवातीला एड्सचं मूळ शोधायला काँगोच्या जंगलात गेला. तिथे त्याला मलेरिया झाला. लंडनला परतल्यावर काही आठवडे हॉस्पिटलमध्ये काढून ७ मार्च २००० रोजी तो गेला. वय ६३.

आता मोराचा पिसारा दिसला, की रीलसाठी मोबाइल काढण्याआधी क्षणभर थांबा. त्या रंगांमागे तो कुठली लढाई लढून आलाय, कोण जाणे!